युद्धोत्तर घाटणीचा बॅलेरिना स्कर्ट: घेर वाढवावा, कंबर नव्हे

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांतला संध्याकाळचा पोशाख पाहिला, की नजर आधी घेराकडे जाते आणि तिथून वर कंबरेकडे सरकते. शिवणारा मात्र घेराच्याच मोहात अडकतो. नेट जितके जास्त तितका घेर मोठा, असा सरळ हिशेब मांडून तो वारच्या वार नेट आणतो, सगळे एका पट्ट्यात चुणतो, आणि आरशासमोर उभे राहिल्यावर त्याच्या लक्षात येते की घेर आला खरा, पण कंबर हरवली. माझ्या पहिल्या स्कर्टची हीच गत झाली होती: चुण्यांच्या गठ्ठ्याने कंबर दोन इंच जाड दिसू लागली आणि सगळे काम उसवावे लागले. त्या काळच्या पोशाखाचे मर्म कापडाच्या लांबी-रुंदीपेक्षा ते नेट शरीरावर नेमके कोठे सुरू होते यात आहे, आणि हे शिकायचे तर बॅलेच्या टुटूची, म्हणजे नर्तिकेच्या नेटच्या थरांच्या घेरदार स्कर्टची, शिवण उलगडून पाहावी लागते. टुटूमध्ये नेट सहसा कंबरेवर चुणत नाहीत. कंबरेपासून नितंबाच्या वरच्या भागापर्यंत अंगाला घट्ट बसणारा एक योक, म्हणजे कापडी पट्टा, असतो, ज्याला बॅलेच्या शिवणघरात बास्क म्हणतात, आणि नेटचे थर त्याच्या खालच्या भागापासून पुढे सुरू होतात. या लेखात हीच रचना वापरून पोटरीपर्यंत येणारा, म्हणजे १९५०च्या सुमारास ज्याला ‘बॅलेरिना लेंग्थ’ म्हणू लागले तसा, स्कर्ट शिवण्याची पद्धत दिली आहे.

कोणता टुटू डोळ्यांसमोर ठेवावा

टुटूचे तीन प्रकार ओळखता आले म्हणजे कापण्यापूर्वीच निम्मे निर्णय होतात. पहिला रोमँटिक टुटू: १८३२ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी ताल्योनी हिने जो पांढरा, घंटेसारखा, पोटरीपर्यंत पोहोचणारा पोशाख घातला, त्याच्या वंशातला. दुसरा, कंबरेभोवती थाळीसारखा आडवा पसरणारा छोटा टुटू, ज्याच्या थरांत आधाराला पोलादी तारेचे कडे घालतात. तिसरा याच काळातला: न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी पोशाख शिवणाऱ्या बार्बरा करिंस्का यांनी नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलनशिन यांच्या ‘सिंफनी इन सी’साठी १९५० मध्ये तयार केलेला ‘पावडर पफ’ टुटू. त्यात तारेचे कडे नाही. नेटचे सहा-सात आखूड थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा अर्धा इंच लांब, आणि ते एकमेकांना अगदी सैल टाक्यांनी जोडलेले. कडे नसल्यामुळे नर्तिका शेजारून गेली तरी टुटूची कड दुसरीच्या टुटूवर आपटून उलटी होत नाही, आणि थर सैल असल्यामुळे थाळीऐवजी पिसांच्या फुलोऱ्यासारखा आकार येतो.

फॅशनने लांबी घेतली ती पहिल्या प्रकाराची. आपण मात्र लांबी पहिल्याची आणि थर बांधण्याची रीत तिसऱ्याची घेणार आहोत, कारण लांब स्कर्ट कडक थरांवर ताठ उभा केला तर तो घंटेपेक्षा लॅम्पशेडसारखा दिसतो.

हा आकार त्या वेळच्या लोकांना इतका का भावला, हेही थोडक्यात पाहावे, कारण त्यावरून कापड निवडायचे आहे. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन होते. सुरुवातीला प्रौढ माणसाला वर्षाला ६६ कूपन मिळत आणि लोकरीच्या एका पोशाखाला त्यातली ११ जात. अमेरिकेतही युद्धकाळात स्कर्टचा घेर आणि लांबी सरकारी नियमाने बांधलेली होती. अशा वेळी, ब्रिटनमधले रेशन चालू असतानाच, २० फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनचे रॉयल ऑपेरा हाउस पुन्हा उघडले ते सॅडलर्स वेल्स बॅलेच्या ‘स्लीपिंग ब्युटी’ने, ऑलिव्हर मेसेल यांचे नेपथ्य आणि पोशाख होते, आणि अरोराच्या भूमिकेत मार्गो फाँटेन होती. युद्धाच्या वर्षांत त्याच इमारतीचा नाचघर म्हणून वापर झाला होता. वर्षभराने, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, पॅरिसच्या आव्हेन्यू माँतेनवर क्रिस्तियाँ दिओर यांनी आपला पहिला संग्रह सादर केला. त्यातल्या एका घाटणीला त्यांनी ‘कोरोल’, म्हणजे फुलाचे पाकळीमंडळ, असे नाव दिले होते. त्या संग्रहाला ‘न्यू लूक’ हे नाव हार्पर्स बझार या फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांच्या तोंडून पडले आणि तेच टिकले. त्याच वर्षी दिओर यांनी रोलाँ पेती यांच्या ‘त्रेझ दाँस’ या बॅलेचे पोशाखही केले. म्हणजे रंगमंचाचे शिवणकाम आणि पॅरिसचे फॅशनघर यांच्यात त्या वेळी भिंत नव्हती, आणि आपणही ती मध्ये आणण्याचे कारण नाही. ब्रिटनमधले कपड्यांचे रेशन मात्र १५ मार्च १९४९ पर्यंत चालू राहिले, त्यामुळे इतका घेर अंगावर घेणे हे तिथे बराच काळ पाहायचे सुख होते, घालायचे नव्हे.

कापड

या स्कर्टला तीन प्रकारचे कापड लागते, आणि त्यांची अदलाबदल करू नये.

योकसाठी न ताणणारे, घट्ट विणीचे सुती ड्रिल घ्यावे. सगळ्या नेटचे वजन यावर लटकणार असल्याने येथे रेशमी किंवा लवचीक कापडाचा मोह टाळावा. आतल्या दोन थरांसाठी कडक नायलॉन नेट, आणि बाहेरच्या दोन थरांसाठी मऊ, बारीक जाळीचे ट्यूल घ्यावे. एकोणिसाव्या शतकात हे काम टार्लटन नावाची खळ लावलेली विरळ मलमल करत असे. पण दमट हवेने किंवा घामाने खळ सुटली की ती मान टाकत असे. नायलॉन १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीने जाहीर केले, युद्धात ते पॅराशूटकडे वळवले गेले, आणि युद्ध संपल्यावर नेटच्या रूपाने पेटीकोटांत शिरले. त्याचा ताठपणा धाग्यातलाच असल्याने तो धुतल्यावरही बराच टिकतो. त्या काळी रेशमी नेटही वापरत, आणि ते अंगावर पडते फार सुंदर. परंतु आतल्या थरांसाठी ते फार नाजूक आहे. रेशीम परवडत असेल तर ते फक्त सर्वांत बाहेरच्या थराला वापरावे.

याखेरीज बाहेरचा योक झाकण्यासाठी थोडे सॅटिन, आतून पायांना नेट टोचू नये म्हणून पातळ सुती किंवा टॅफेटाचे अस्तर, आणि एक इंच रुंदीची ग्रोग्रेन, म्हणजे आडव्या रेघांच्या विणीची मजबूत, पट्टी लागेल. ही शेवटची पट्टी लोक हमखास विसरतात आणि नंतर पस्तावतात.

रंगाबाबत एक सूचना करावीशी वाटते. चारही थर एकाच रंगाचे घेतले तर स्कर्ट चित्रात छान दिसतो आणि प्रत्यक्षात सपाट वाटतो. करिंस्का वेगवेगळ्या छटांची नेट एकावर एक ठेवून रंगाला खोली आणत असत. फिकट गुलाबी स्कर्ट करायचा असेल, तर सर्वांत आत करडे किंवा जांभळट, मध्ये पीच आणि बाहेर गुलाबी असे थर ठेवून पाहावेत. दुकानातच तुकडे एकावर एक धरून, उजेडाकडे पाठ करून पाहिले, की बरोबर मेळ लगेच समजतो.

माप आणि हिशेब

उदाहरणासाठी कंबर २६ इंच, कंबरेखाली चार इंचांवरचा घेर ३४ इंच, आणि कंबरेपासून पोटरीपर्यंत तयार लांबी ३० इंच धरू. लांबी ठरवताना स्कर्टबरोबर जी पादत्राणे घालायची तीच घालून उभे राहावे. दिओरच्या १९४७ च्या स्कर्टची कड जमिनीपासून सुमारे १२ इंचांवर होती, आणि तेथून वर-खाली दोन इंच सरकून आपल्या पोटरीचा सर्वांत बारीक भाग शोधावा. कड तेथे आली की पाय नाजूक दिसतो. पोटरीच्या फुगवट्यावर आली तर कितीही सुरेख शिवलेला स्कर्ट बोजड वाटतो. सपाट बॅले बुटांवर हा स्कर्ट विशेष खुलतो, आणि तो जोड ऐतिहासिकही आहे: अमेरिकेत युद्धकाळात चामडी बुटांवर रेशन असताना फॅशन डिझायनर क्लेअर मकार्डेल यांनी कपेझिओ या नृत्याचे बूट करणाऱ्या कंपनीकडून बॅलेच्या सपाट बुटांना रस्त्यावर चालण्याजोगे तळ लावून घेतले आणि आपल्या कपड्यांबरोबर ते मिरवले.

योकची खोली चार इंच. त्याच्या खालच्या कडेचा घेर ३४ अधिक एक इंच सैल, म्हणजे ३५ इंच. नेटचा पन्हा ५४ इंच असेल, तर कडक नेटच्या प्रत्येक थराला चार पन्हे घ्यावेत: २१६ इंच, म्हणजे योकच्या साधारण सहापट. मऊ ट्यूल जास्त दाबले जाते, म्हणून त्याच्या प्रत्येक थराला पाच पन्हे घ्यावेत: २७० इंच.

चारही थर एकाच रेषेवर शिवायचे नाहीत. चार थरांच्या चुण्या एका ओळीवर आल्या, तर तेथे दोरखंडासारखा जाड कडा होतो आणि योक लावण्याचा हेतूच संपतो. म्हणून योकवर चार ओळी आखाव्यात: पहिली खालच्या कडेपासून पाव इंचावर, आणि पुढच्या तीन प्रत्येकी अर्धा इंच वर. सर्वांत आतला कडक थर सर्वांत खालच्या ओळीवर, दुसरा कडक थर त्याच्या वर, मग मऊ ट्यूलचा आतला थर, आणि सर्वांत वरच्या ओळीवर बाहेरचा थर. बाहेरचे थर वरून सुरू होतात आणि आतल्यांपेक्षा थोडे खालपर्यंत येतात, त्यामुळे प्रत्येक थराची लांबी वेगळी निघते. वरच्या उदाहरणात आतून बाहेर जाताना २६½, २७½, २९ आणि ३० इंच लांबीचे पन्हे कापावेत. यात वर शिवणीसाठी आणि खाली शेवटी छाटण्यासाठी जागा धरलेली आहे. कडक नेट बरोबर ६ वार आणि मऊ ट्यूल सव्वाआठ वारांपर्यंत लागते.

योक

ड्रिलचे दोन पुढचे आणि दोन मागचे असे चार तुकडे कापावेत. कापडाचा उभा धागा कंबरेभोवती आडवा फिरेल असे ते ठेवावेत, कारण उभ्या धाग्याला ताण सर्वांत कमी असतो आणि नेटचे ओझे बसल्यावर योक लोंबत नाही. बाजूच्या शिवणींना शरीराप्रमाणे हलका बाक द्यावा, पाठीमागची मधली शिवण उघडी ठेवावी, आणि नेट जोडण्यापूर्वी योक अंगावर घालून, खाली बसून, हात वर करून पाहावा. येथे अर्धा इंच जरी सैल राहिला तर पुढे नेटच्या वजनाने तो घसरतो आणि कंबर नितंबावर येऊन बसते. योक घट्ट हवा, पण श्वास अडकवणारा नको. करिंस्का यांच्या चोळ्यांची ख्याती याच कारणाने होती: त्या बरगड्यांजवळचे काही तुकडे उरेब, धाग्याला तिरपे, कापत, म्हणजे नर्तिकेने श्वास घेतला की कापड तिच्याबरोबर किंचित पसरे. योकच्या वर चोळी जोडायची असेल तर हीच युक्ती बाजूच्या तुकड्यांत करावी. योकमध्ये मात्र उरेब कापड मुळीच वापरू नये.

बसणारा योक मिळाल्यावर चार ओळी टेलरच्या खडूने आखाव्यात आणि प्रत्येक ओळीचे आठ समान भाग करून खुणा कराव्यात.

नेट चुणणे आणि जोडणे

नेट कापताना जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर चार पदरी घडी घालून, जड वस्तूंनी दाबून कापावे. हातात धरून कापलेले नेट कधीही सरळ येत नाही. त्याला धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडण्याची गरज नसते. आतल्या कडक थरांत पन्हे एकमेकांना न जोडताही चालते, कारण सहापट चुण्यांत ती फट दिसतच नाही. मऊ ट्यूलचे पन्हे पाव इंच एकमेकांवर ठेवून सैल टिपेने जोडावेत. प्रत्येक थराची एक फट पाठीमागे उघडीच ठेवायची आहे, कारण स्कर्ट घालताना ती लागते.

चुण्या घालण्यासाठी नेहमीप्रमाणे दोन लांब टिपा घालून दोरा ओढण्याची पद्धत नायलॉन नेटवर भरवशाची नाही. एवढ्या लांबीत दोरा हमखास मध्येच तुटतो, आणि तोही सातव्या भागापर्यंत आल्यावर. त्यापेक्षा कडेपासून अर्ध्या इंचावर पातळ, मजबूत दोरी ठेवावी आणि तिच्यावरून मशीनची नागमोडी टीप घालावी. टीप दोरीतून आरपार जाऊ नये, तिच्या दोन्ही बाजूंना पडावी. मग दोरी ओढली की नेट सरकत जाते. ज्यांना वेळ आहे त्यांनी चुण्यांऐवजी हाताने चपट्या प्लीट घालाव्यात. त्याला दुप्पट वेळ लागतो, पण प्लीट योकवर अधिक सपाट बसतात.

नेटच्या कडेवरही आठ खुणा कराव्यात; कडक थराचा प्रत्येक भाग २७ इंचांचा होईल. तो भाग योकच्या साधारण सव्वाचार ते साडेचार इंचांत बसवायचा आहे. सर्वांत आतल्या थरापासून सुरुवात करावी: योक सपाट ठेवून नेटची चुणलेली कड वर, स्कर्ट खाली, अशा रीतीने पहिल्या ओळीवर ठेवावे, खुणा जुळवून टाचण्या लावाव्यात, आधी हाताने धावदोरा घालावा आणि मगच मशीनची टीप मारावी. धावदोरा टाळला तर मशीनचा पाय चुण्या पुढे ढकलतो आणि समोरचा भाग विरळ, बाजू दाट अशी अवस्था होते. एक थर पूर्ण झाला की त्याची वरची जास्तीची कड बारीक छाटून मगच पुढच्या ओळीकडे वळावे.

थर सैल बांधणे

हा टप्पा पुष्कळ जण गाळतात, आणि त्यांचा स्कर्ट चालताना चार वेगवेगळ्या दिशांना जातो. थर सुटे ठेवले तर कडक नेट पायांत घुसते आणि मऊ ट्यूल वर तरंगत राहते; घट्ट जोडले तर सगळे मिळून पुठ्ठ्यासारखे होते. टुटूतल्याप्रमाणे सैल दोऱ्याचे फासे घालणे हाच मधला मार्ग आहे. योकच्या खाली सुमारे आठ इंचांवर एक फेरी आणि गुडघ्याजवळ दुसरी फेरी घ्यावी. प्रत्येक ठिकाणी दुहेरी दोऱ्याने आतल्या थरातून बाहेरच्या थरापर्यंत टाका घ्यावा, पण ओढून बसवू नये. दोन थरांत पाऊण ते एक इंच दोरा मोकळा ठेवून गाठ मारावी. दोन फाशांत आठ-नऊ इंचांचे अंतर असावे आणि खालच्या फेरीतले फासे वरच्यांच्या बरोबर खाली येऊ नयेत. सर्वांत बाहेरच्या थराला दोऱ्याची गाठ दिसते असे वाटल्यास त्याला सोडून आतले तीनच थर बांधावेत.

बाहेरचा योक, पट्टी आणि बंद

आता वरून सॅटिनचा योक बसवायचा. तो पूर्ण चार इंच खोल नको. वरच्या ओळीच्या खाली पाव इंच येईल इतका, म्हणजे अडीच इंच पुरे. पुढच्या मध्यावर त्याला इंचभर खाली उतरणारे टोक दिले, तर कंबर आणखी बारीक भासते, आणि बॅलेच्या चोळीची ती जुनी खूण आपोआप येते. खालची कड हाताने, न दिसणाऱ्या टाक्यांनी शिवावी. मशीनची टीप येथे ट्यूल चेंगरते. अस्तर निमुळत्या कळ्यांचे शिवून योकला आतून जोडावे.

ग्रोग्रेन पट्टी कंबरेच्या मापापेक्षा अर्धा इंच कमी ठेवून योकच्या वरच्या कडेला आतून फक्त पुढे आणि बाजूंना टाक्यांनी धरावी, पाठीमागे मोकळी सोडावी आणि तिला स्वतंत्र हुक लावावेत. स्कर्ट घालताना आधी ही पट्टी बंद करायची. मग सगळे वजन ती उचलते आणि बाहेरचे हुक ताणाशिवाय लागतात. पॅरिसच्या फॅशनघरांचे घेरदार पोशाख अंगावर जागचे न हलता बसत ते अशाच आतल्या पट्टीमुळे. पाठीमागच्या उघड्या भागाला चेनऐवजी हुक आणि दोऱ्याची आडवी काजे करावीत, आणि शक्य असल्यास काजांच्या दोन ओळी, अर्ध्या इंचाच्या अंतराने. बॅलेच्या पोशाखांत अशा अनेक ओळी असतात, कारण एकच टुटू वेगवेगळ्या नर्तिकांना घालावा लागतो. आपल्याला तो जेवणाआधी आणि जेवणानंतर असा दोनदा उपयोगी पडतो.

कड आणि निगा

कड लगेच छाटू नये. स्कर्ट एक दिवस टांगून ठेवावा, म्हणजे नेट आपल्या वजनाने बसते. मग ज्या व्यक्तीसाठी शिवला तिला तो घालायला लावून, बूट घालून, स्थिर उभे करावे आणि दुसऱ्याने जमिनीपासून पट्टीने मोजत छाटावे. बाहेरचा थर ठरलेल्या लांबीवर, त्याच्या आतला अर्धा इंच वर, आणि दोन्ही कडक थर अनुक्रमे दीड आणि दोन इंच वर. कडक नेटची कड बाहेरून दिसता कामा नये. मोज्यांचे धागे ती ओढते, म्हणून सर्वांत आतल्या थराच्या कडेला पातळ रिबिनीचा गोट लावणे सोयीचे असते; तो गोट कडेला थोडे वजनही देतो.

नायलॉन नेटवर गरम इस्त्री ठेवू नये, ते वितळते. पेटीत दबलेल्या स्कर्टच्या सुरकुत्या वाफेने निघतात. धुताना कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, टांगून निथळू द्यावे. कपाटात ठेवताना स्कर्ट उलटा टांगावा, म्हणजे योक खाली आणि कड वर, कारण अशा स्थितीत थर एकमेकांपासून सुटे होऊन फुलतात आणि चुण्यांवर बसलेला दाब निघून जातो. दुसऱ्या दिवशी सुलटा करून हाताने एकदा झटकला, की तो घालण्याजोगा असतो.